मुलाला प्रौढ ठरवले की कोण सुटते?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या मुलाने वयाची अठरा वर्षेही पूर्ण केली नव्हती. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा एक निबंध होता. महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्त होता आणि आजही आहे. माझा वाद त्या संतापाशी नाही, त्यावर सुचवल्या गेलेल्या उपायाशी आहे. 'सोळा-सतराव्या वर्षी मोठ्यांचा गुन्हा करणाऱ्याला मोठ्यांसारखाच खटला आणि मोठ्यांसारखीच शिक्षा हवी', हा तो उपाय. कट्ट्यापासून संसदेपर्यंत आज हेच मत प्रचलित आहे. ते चुकीचे आहे. एवढेच नव्हे, तर ज्यांना न्याय हवा आहे त्यांच्याच पदरी ते निराशा टाकते, असे माझे प्रतिपादन आहे. दोन्ही बाजू मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, तोही त्याच्या पूर्ण बळानिशी. हे मत बाळगणारी माणसे क्रूर नाहीत. त्यांचे म्हणणे असे : मुलांमधली गुन्हेगारी वाढते आहे आणि पकडल्या जाणाऱ्यांत सोळा ते अठरा वयाचेच बहुसंख्य आहेत. आजच्या सोळा वर्षांच्या मुलाला आपण काय करतो आहोत ते पुरते कळते. खुनाचा किंवा बलात्काराचा हिशेब विशेष गृहातल्या तीन वर्षांत फिटत नाही; ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांनी तो का मान्य करावा? कायदा सौम्य असल्याने टोळ्या मुलांच्या हाती कोयते देतात. सन २००० पर्यंत मुलग्यांसाठी वयोमर्यादा सोळाच होती, तेव्हा काही आकाश कोसळले नव्हते. शिवाय २०१५ चा बाल न्याय कायदा सरसकट काहीच करत नाही. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा अतिगंभीर गुन्हा असेल आणि मुलाने सोळा वर्षे पूर्ण केलेली असतील, तरच बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते व खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तिथेही फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही. याहून संयम तो कोणता?

हा पक्ष ऐकताच पटण्यासारखा आहे. आता तो पुराव्यावर घासून पाहू.

पहिला मुद्दा संख्येचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाख २४ हजारांवर आहेत. त्यांपैकी बालकांवर नोंदलेले गुन्हे ३०,५५५. म्हणजे हजारी पाच-सहा. आदल्या वर्षी हा आकडा ३१,१७० होता. वाढ कुठे आहे? त्याच २०२२ साली मुलांविरुद्ध घडलेल्या गुन्ह्यांची नोंद १,६२,४४९ आहे, आणि ती मात्र आदल्या वर्षापेक्षा वाढलेली आहे. मुले आरोपी असण्याच्या पाचपटीहून अधिक वेळा बळी आहेत. या पाचपटीसाठी किती मोर्चे निघाले?

सोळा ते अठरा वयाचा वाटा मोठा आहे, हे खरे. पकडलेल्या मुलांपैकी जवळजवळ चार-पंचमांश त्याच वयाची असतात. पण हे फक्त आपल्याकडचे चित्र नाही. नियम मोडण्याची प्रवृत्ती पौगंडात शिगेला पोचते आणि विशीत झपाट्याने ओसरते, हा गुन्हेशास्त्रातला जुना आणि वारंवार तपासलेला निष्कर्ष आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये यातून दोन गट वेगळे काढले : पौगंडापुरते वाट चुकणारे बहुसंख्य आणि आयुष्यभर त्याच वाटेवर राहणारे मूठभर. ज्या वयात मुलगा वाट चुकण्याचा संभव सर्वांत अधिक, त्याच वयातून तो परत येण्याचा संभवही सर्वांत अधिक. पूर्वपक्षाला यातला पहिला अर्धा भाग दिसतो. धोरण मात्र दुसऱ्या अर्ध्यावर उभे राहायला हवे.

सोळाच्या जुन्या मर्यादेचा दाखला याला जोडूनच तपासता येतो. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी विभागणी होती. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आणि २००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा ही एकच मर्यादा आणली. मर्यादा वाढल्याने गुन्हे फोफावले असते, तर पुढच्या दहा-बारा वर्षांत ते दिसायला हवे होते. त्या काळात भारतीय दंड संहितेखालील एकूण गुन्ह्यांत बालकांचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच घोटाळत राहिला. आकाश तेव्हाही कोसळले नाही.

दुसरा मुद्दा समजेचा. 'त्याला सगळे कळते.' कळते, हे मान्य. सोळा वर्षांच्या मुलाला खून म्हणजे काय हे कळते. दहा वर्षांच्या मुलालाही कळते. प्रश्न कळण्याचा नाही, आवरण्याचा आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनात हा भेद स्वच्छ दिसतो. शांतपणे बसून विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी प्रौढांच्या जवळ पोचते. पण मित्रांचा दबाव, तत्क्षणीचा आवेग आणि धोक्याचे आकर्षण यांना आवर घालण्याची क्षमता अठराच्या पुढेही घडत राहते. गुन्हे शांतपणे बसून घडत नाहीत. ते बहुधा रात्री, टोळक्यात, कुणीतरी डिवचल्यावर घडतात.

आपली कायदेव्यवस्था हे इतरत्र बिनतक्रार मानते. अठराच्या आत करार करता येत नाही, मतदान करता येत नाही. पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतील मुलीच्या संमतीला अर्थ नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण लागतात. मद्याचा पेला उचलायला पंचविशीची पक्वता लागते असे मानणारे राज्य गजाआड पाठवायला मात्र सोळाव्यातच पक्वता शोधते. हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

तिसरा मुद्दा या वादाच्या मर्मावरच बोट ठेवतो. ज्या तरतुदीसाठी एवढा आग्रह धरला जातो, ती पकडते कोणाला?

तिचा जन्म आठवावा. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अमानुष घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने एका महिन्याच्या आत अहवाल दिला. स्त्रियांवरील अत्याचारांचे कायदे अनेक अंगांनी कडक करा, असे सांगणाऱ्या याच समितीने अठराची मर्यादा खाली आणायला मात्र नकार दिला. जुलै २०१३ मध्ये सलील बाली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही ती मर्यादा कायम राखली. २०१५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने सोळा ते अठरा वयाच्या मुलांना वेगळे काढण्यास विरोध केला. हे तिन्ही सल्ले बाजूला पडले. दिल्ली प्रकरणातील बालक तीन वर्षे पूर्ण करून २० डिसेंबर २०१५ रोजी सुटला आणि २२ डिसेंबरला राज्यसभेने विधेयक मंजूर केले. ज्याच्यामुळे कायदा आला, त्याला तो लागू होऊच शकत नव्हता. कारण गुन्हा घडल्यानंतर केलेल्या कायद्याने शिक्षा वाढवता येत नाही, हे राज्यघटनेचे विसावे कलम सांगते. रस्त्यावरच्या रागाला उत्तर म्हणून कायदा झाला, आणि ज्याच्यावर राग होता तो त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

पुण्यात तेच पुन्हा घडले. जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की किमान सात वर्षांची शिक्षा ज्यात सांगितलेली नाही असा गुन्हा या कायद्याखाली 'अतिगंभीर' ठरत नाही. तो खटलाही अल्पवयीनाच्या हातच्या मोटारीने झालेल्या मृत्यूचाच होता. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील सदोष मनुष्यवधाच्या ३०४ कलमात किमान शिक्षा नव्हती, त्यामुळे असा मुलगा या तरतुदीत येत नव्हता. पुण्यातील मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने फेटाळली.

मग या जाळ्यात सापडते कोण? सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी प्रेमात पडून पळून जातात. मुलीचे वडील तक्रार करतात. पॉक्सोच्या चौथ्या कलमाखाली किमान शिक्षा दहा वर्षांची, म्हणून गुन्हा अतिगंभीर, म्हणून मुलगा मूल्यमापनाला पात्र. दारू पिऊन गाडीखाली दोघांना मारल्याचा आरोप असलेला बाहेर आणि प्रेमात पडलेला आत! पूर्वपक्षाला हेच हवे होते का? नव्हतेच. पण त्याने जो कायदा मागितला, तो हेच करतो.

चौथा मुद्दा त्या मूल्यमापनाचा, ज्याला पूर्वपक्ष संयम म्हणतो. मंडळाने तपासायचे काय? गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि ज्या परिस्थितीत गुन्हा केल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. हे केव्हा तपासायचे? गुन्हा सिद्ध होण्याआधी. मुलाने कृत्य केले की नाही हे ठरलेले नसताना ते करताना त्याचे मन कसे होते हे ठरवायचे! याच कायद्याच्या तिसऱ्या कलमातील पहिले तत्त्व निर्दोषत्वाच्या गृहीतकाचे आहे. एकाच कायद्यात ही दोन्ही कलमे सुखाने नांदतील कशी?

हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. २०१७ मध्ये गुरुग्राममधील एका शाळेत लहान विद्यार्थ्याचा खून झाला. पोलिसांनी आधी बसच्या वाहकाला अटक केली आणि त्याने कबुली दिल्याचे सांगितले. पुढे सीबीआयने त्याला निर्दोष ठरवून शाळेतल्याच एका अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतले. पोलिसांचा पहिला अंदाज किती आंधळा असू शकतो याचा धडा या प्रकरणातच आहे. त्याच प्रकरणात जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की हे मूल्यमापन अत्यंत नाजूक काम आहे, परिणाम समजणे म्हणजे नुसती बुद्धिमत्ता नव्हे, आणि मंडळात मानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत असे प्रशिक्षित तज्ज्ञ मंडळांच्या हाताशी आहेत, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आणि या तपासणीत जो मुलगा पलीकडे ढकलला जातो, तो पुढे दोषी ठरला तर चोविसाव्या कलमाचे संरक्षणही गमावतो. इतर मुलांचा गुन्ह्याचा शिक्का पुसला जातो, त्याचा राहतो. नोकरीच्या प्रत्येक अर्जावर तो उमटत राहतो.

पाचवा मुद्दा धाकाचा. कठोर शिक्षेने मुले वचकतील, हा युक्तिवाद तपासायला प्रयोगशाळा आपल्याला बांधावी लागत नाही. अमेरिकेने ती नव्वदच्या दशकात बांधली. 'सुपर-प्रिडेटर' म्हणजे निर्दय बालगुन्हेगारांची लाट येणार, असे भाकीत प्राध्यापक जॉन डिलुलिओ यांनी १९९५ मध्ये केले. भयभीत राज्यांनी एकामागोमाग एक कायदे बदलून मुलांना प्रौढ न्यायालयांत धाडले. लाट आली नाही. उलट बालगुन्हेगारी उतरत गेली आणि डिलुलिओंनी भाकीत चुकल्याचे नंतर स्वतःच मान्य केले. पण तोवर हजारो मुले प्रौढांच्या तुरुंगांत गेली होती. त्यांचे काय झाले? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञगटाच्या आढाव्यात उत्तर आहे : प्रौढ न्यायव्यवस्थेत पाठवलेल्या मुलांमध्ये पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचे प्रमाण बालन्यायव्यवस्थेत राहिलेल्यांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक होते. तज्ज्ञगटाने अशा धोरणाविरुद्ध शिफारस केली. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आत केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी रद्द केली, २०१२ मध्ये अशा गुन्ह्यासाठी सक्तीची, सुटकाहीन जन्मठेप. ज्या वाटेने गेलेले मागे फिरत आहेत, तीच वाट आपण पुढारलेपणाची म्हणून धरायची?

सहावा मुद्दा टोळ्यांचा, आणि पूर्वपक्षातला हाच मला सर्वांत गंभीर वाटतो. पुण्यातील कोयते काल्पनिक नाहीत. पण हा तर्क शेवटापर्यंत न्यावा. अठराच्या आतील मुलगा टोळीला स्वस्त पडतो म्हणून मर्यादा सोळावर आणली, तर टोळी काय करील? पंधरा वर्षांचा शोधील. मग चौदा करायची? मुलाच्या हातात कोयता देणारा हात प्रौढाचा असतो, आणि त्या हातासाठी कायदा आधीच आहे. बाल न्याय कायद्याचे ८३ वे कलम मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड सांगते. भारतीय न्याय संहितेचे ९५ वे कलम मुलाकरवी गुन्हा करवून घेणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद देते आणि तो गुन्हा घडला, तर जणू त्यानेच केला असे समजून शिक्षा देते. कोयत्याच्या प्रत्येक बातमीत मुलांच्या वयावर चर्चा होते. या दोन कलमांचे नाव कितींदा ऐकले?

इथे मी पुन्हा पोर्शकडे येतो, कारण पूर्वपक्षाचा सर्वांत मोठा आधार तीच आहे. त्या प्रकरणात ढासळले काय? अल्पवयीनाच्या हाती गाडी देणारे घर. त्याला मद्य देणाऱ्या जागा. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली सरकारी रुग्णालयातले डॉक्टर अटकेत गेले, पालकही अटकेत गेले. रविवारी जामिनाचा तो आदेश तीन जणांच्या मंडळातील एकट्या सदस्याने दिला, आणि पुढे राज्य सरकारने मंडळातील दोन सदस्यांची नियुक्ती रद्द केली. या यादीतले प्रत्येक नाव प्रौढाचे आहे. मोटार वाहन कायद्याचे १९९अ कलम अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला वा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द करते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाकारते. म्हणजे कठोर कायदा होता. तो लावणारे प्रौढ कुठे होते, हा प्रश्न होता. सगळा प्रकाशझोत मुलाच्या वयावर पडला आणि ही सारी माणसे अंधारात उभी राहिली. मुलाला प्रौढ ठरवण्याच्या मागणीचा खरा लाभार्थी कोण, याचे उत्तर इथे मिळते.

आणि संतापाच्या भरात टाकलेले पाऊल न्यायालयात टिकते का? त्याच मुलाला जनक्षोभानंतर निरीक्षणगृहात ठेवले गेले. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात दिले. जामीन म्हणजे निकाल नव्हे, एवढी साधी गोष्ट त्या गदारोळात कुणी ऐकून घेतली नाही. बाल न्याय कायद्याच्या बाराव्या कलमानुसार बालकाला जामीन हा नियम आहे आणि त्याला अपवाद तीनच : सुटल्यास तो गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होण्याची, किंवा न्यायाचा हेतूच विफल होण्याची शक्यता. निकाल मात्र अठराव्या कलमाखाली लागतो. त्यात समुपदेशन आहे, समाजसेवा आहे, पालकांना दंड आहे, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली काढायची वर्षे आहेत, व्यसनमुक्ती आहे, आणि तीन वर्षांपर्यंत विशेष गृह आहे. हे सारे मनापासून राबवले, तर सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याला सामोरे जावे लागते. तुरुंगात त्याला फक्त वेळ काढावा लागतो. निबंधाची ती अट कायद्याच्या मवाळपणाचा पुरावा म्हणून दाखवली जाते. वास्तविक ती कायदा न वाचल्याचा पुरावा आहे.

राहता राहिली पीडितांची बाजू. तिच्यापुढे कोणताही युक्तिवाद तोकडा आहे, हे मी जाणतो. पण त्यांना द्यायचे काय, ते प्रामाणिकपणे सांगावे. खटल्याची तड लवकर लागणे, पुरावा शाबूत राहणे, पैसेवाल्याच्या घरातील मोठ्यांनाही कायदा लागू होणे आणि तोच मुलगा उद्या दुसऱ्या घरावर तेच संकट आणणार नाही याची खात्री, हा त्यांचा हक्क आहे. यातले एकही वय खाली आणल्याने मिळत नाही. शेवटची खात्री तर त्याने कमीच होते.

मुलांना तुरुंगाबाहेर काढणे ही उसनी कल्पना आहे, असेही कधी कधी ऐकू येते. महाराष्ट्रात तरी असे म्हणू नये. मुंबईचा बालकायदा १९२४ चा आहे. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, त्याच जागी पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांसाठी मुंबईच्या पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि त्याच १९८६ साली देशाला पहिला एकसमान बाल न्याय कायदा मिळाला. ही परंपरा आपली आहे. ती अर्धवट सोडण्याचा दोषही आपलाच आहे. पालकत्व हरपलेल्या मुलाला नातेवाइकांच्या किंवा दुसऱ्या कुटुंबाच्या आधाराने वाढवणाऱ्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला हात देण्यासाठी २०१५ च्या कायद्यात ४६ वे कलम आणि राज्यात अनुरक्षण गृहे आहेत. तिथवर पोचण्याची वाट मुलाला दाखवणारे माणूस मात्र नेमलेले असेलच असे नाही. काळजीची गरज असलेले मूल आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेले मूल अशी दोन दालने कायद्याने केली आहेत. आयुष्यात त्यांच्यामधली भिंत फार पातळ असते. पहिल्या दालनात दुर्लक्षित राहिलेले मूल दुसऱ्यात सापडायला वेळ लागत नाही.

तेव्हा मागणी करायचीच असेल तर ती अशी करावी : प्रत्येक बाल न्याय मंडळ पूर्ण सदस्यसंख्येने चालले पाहिजे. त्याच्याकडे मानसशास्त्रज्ञ असला पाहिजे. परिविक्षा अधिकाऱ्याकडे मुलाच्या घरी जाण्याइतका वेळ असला पाहिजे. ८३ आणि १९९अ ही कलमे किती प्रौढांवर लावली आणि किती सिद्ध झाली, याचा हिशेब जिल्हावार दरवर्षी जाहीर झाला पाहिजे. संस्थेतून सुटलेले मूल वर्षभराने कुठे आहे, याचे उत्तर सरकारकडे असले पाहिजे. या मागण्यांना घोषणा होता येत नाही, म्हणून त्या कुणी करत नाही. पण कठोरपणा म्हणतात तो हाच. यंत्रणेकडे तो मागण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांना तो सोळा वर्षांच्या मुलाकडे मागण्याचा अधिकार नाही.